आमची वाटचाल : तारेचे पैसे आज, मजुरी माल गेल्यावर

2001 साली तासगावात भाड्याच्या गाळ्यात आम्ही मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटरीत नवी तांब्याची तार भरून देण्याचं दुकान टाकलं. चहूकडे द्राक्षबागा. ऑक्टोबर छाटणी झाली की बागेचं पाणी तोडून चालत नाही, त्यामुळे मोटर जळालेला शेतकरी रात्री अकरालाही शटर वाजवायचा. तीनपैकी एक फेज गेलेला आणि अशा वेळी मोटर बंद पाडणारा पॅनेलमधला प्रिव्हेंटर कुणीतरी वगळून लाइन डायरेक्ट करून ठेवलेली. निम्म्या मोटरी अशाच जळून यायच्या.

हाताखाली मुलं येत गेली. कुणी आयटीआय झालेलं, कुणी दहावीला थांबलेलं. काम आम्ही जीव लावून शिकवलं. जळालेलं वायंडिंग तोडण्याआधी टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजायचे, तारेचा गेज म्हणजे जाडी घ्यायची, पिच म्हणजे कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर वहीत उतरवायचं. बोअरमधल्या, आत पाणी भरलेल्या मोटरला प्लास्टिकचं आवरण असलेली पॉली वायर, जमिनीवर बसणाऱ्या मोनोब्लॉक पंपाला इनॅमलची तार आणि वार्निश. मेगर लावून तारेचं इन्सुलेशन तपासल्याशिवाय मोटर गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची नाही.

2009 मध्ये आमच्या सगळ्यात चांगल्या कारागिराने स्वतःचं दुकान काढलं. नारळ मीच फोडला. सव्वा वर्षात त्याने शटर ओढलं. भेटायला गेलो तेव्हा त्याने वही पुढे केली. पानंच्या पानं उधारीपुढे एकच शेरा : 'माल गेल्यावर', म्हणजे द्राक्षं विकल्यावर. मोटर जळते ऑक्टोबरात, द्राक्षाचा पैसा येतो फेब्रुवारी-मार्चात, आणि तारवाला पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही. मधले चार महिने त्याने बायकोच्या दागिन्यांवर काढले होते. त्याच्या हाताला दोष नव्हता. आम्ही त्याला मोटर भरायला शिकवलं, दुकान चालवायला शिकवलंच नाही. ती वही आजही डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर पद्धत बदलली. शिकणाऱ्या मुलाने शेवटचे सहा महिने काउंटरवर बसायचं. मोटर आली की काम सुरू करण्याआधी कागदावर हिशेब मांडायचा : तार तीन किलो चारशे ग्रॅम, बुश, मजुरी, वीज, गाळ्याचं भाडं. एक रकाना प्रत्येक जण रिकामा सोडतो. 'तुझा पगार कुठाय?' विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, 'माझा कशाला अण्णा? दुकान माझंच की.' तो रकाना भरल्याशिवाय मी कागद हातात घेत नाही. तांब्याचा भाव लंडनच्या बाजारावर हलतो, म्हणून भाव रोज सकाळी विचारायचा. गेल्या महिन्याच्या भावाने मोटर भरली की नफा तारेतच जातो. जळकी तार शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत काट्यावर ठेवायची आणि तिचे पैसे बिलातून वजा करायचे. विश्वास तिथे बसतो.

सगळ्यात अवघड म्हणजे पैसे मागणं. गावातल्याच माणसाकडे मागताना मुलांचा आवाज बसतो. म्हणून वाक्य पाठ करून घेतो : 'काका, मजुरी माल गेल्यावर द्या, पण तारेचे पैसे आज लागतील.' मी काका होतो, मुलगा दुकानदार. दहा-दहा वेळा म्हणायला लावतो.

कर्जाचंही तसंच. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार कर्जयोजनेचं अनुदान म्हणजे हातात रोकड, असं पोरांना वाटतं. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, महिलांसह विशेष गटाला 35 टक्के मिळतं हे खरं; पण ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकते, आणि हप्ते आपल्याला भरावेच लागतात. प्रकल्प अहवाल एजंटाकडून करून घेऊ देत नाही. स्वतः लिहिला तरच मॅनेजरसमोर बोलता येतं.

आमच्याकडून शिकून गेलेली सात दुकानं आज चालू आहेत. त्यातलं एक मुलीचं आहे. सुरुवातीला शेतकरी तिला विचारायचे, 'मिस्त्री कुठं गेला?' ती काही न बोलता पाना उचलायची. तिच्या कॉइली माझ्यापेक्षा सुबक बसतात, हे मी दुकानात सगळ्यांसमोर सांगतो.

गेल्या सोमवारी सकाळी तिचा फोन आला. साडेसात एचपीच्या मोटरचा डाटा, म्हणजे टर्न-गेजची नोंद हवी असेल असं वाटलं. ती म्हणाली, 'अण्णा, डाटा आहे माझ्याकडं. आज तारेचा भाव काय धरू?'