काती महिन्यात कपौ फुलत नाही

सकाळी अकराला आमच्या दैनिकाच्या ऑफिसात चिटपाखरू नसतं. शहर आवृत्ती छपाईला सोडून लोक रात्री दोनला घरी जातात, ते दुपारी चारपर्यंत फिरकत नाहीत. त्या दिवशी एका सहकाऱ्याची पुरवणी माझ्याकडे आल्यामुळे मी लवकर आले होते. म्हणून ते गृहस्थ मला भेटले.

सत्तरी ओलांडलेली, पांढरं धोतर, खांद्यावर गामोसा. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत आमचाच त्या सकाळचा अंक, नीट घडी केलेला. हाजोजवळच्या गावातून दोन बस बदलून गुवाहाटीला आले होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरी दोन दैनिकं घेतात, असमिया स्वतःसाठी आणि इंग्रजी नातीसाठी. रोज एक बातमी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतात. त्यांनी पहिलं पान टेबलावर पसरलं, फोटोवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "आइजनी, काती महिन्यात कपौ फूल कुठे फुललं?"

फोटोत मुगा रेशमाच्या मेखेला-चादरीतल्या पाच मुली नाचत होत्या, मागे ढोल आणि म्हशीच्या शिंगाची पेपा. प्रत्येकीच्या अंबाड्यात कपौचा गुलाबी-जांभळा तुरा. हे ऑर्किड फुलतं एप्रिलच्या सुमारास, बोहाग बिहूला. आणि खाली माझी फोटोओळ होती: राज्यभर आज काती बिहूचा उल्हास.

माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मूळची सांगलीची असले तरी आठ वर्षं इथे आहे. बिहू तीन, हे मला कळतं. एप्रिलच्या मध्यात बोहाग किंवा रोंगाली, नव्या वर्षाचा, नाचगाण्याचा. जानेवारीत माघ किंवा भोगाली, कापणी होऊन भोराल म्हणजे कणगी भरलेली असते तेव्हाचा. उरुकाच्या, म्हणजे आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून जेवायचं, पहाटे मेजी, म्हणजे लाकूड-बांबूची होळी पेटवायची, तिळाचे पिठा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ खायचे. आपल्या संक्रांतीचेच दिवस. आणि या दोघांच्या मधला ऑक्टोबरातला काती, ज्याचं दुसरं नावच कोंगाली. जुनं धान्य संपत आलेलं, नवं अजून शेतात हिरवं. त्या दिवशी कोणी नाचत नाही. तुळशीपाशी, भोरालात आणि शेतात मातीची साकी, म्हणजे पणती लावायची आणि पीक नीट येऊ दे म्हणायचं. बस.

हे माहीत असूनही तो फोटो गेला. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारी, रात्री अकराला सोडावी लागते, कारण अंकांची गाडी उजाडायच्या आत तीनशे किलोमीटरवर जोरहाटला पोचायची असते. आदल्या वर्षीचा तुळशीपाशी लावलेल्या साकीचा एक फोटो निघाला होता. डेस्कप्रमुख म्हणाले, "छापल्यावर काळा डाग दिसेल. काहीतरी उत्साही लाव." मी फोटोंच्या साठ्यात 'बिहू' शोधलं, पहिल्या ओळीत या मुली आल्या, मी लावल्या. अज्ञानाने झालेली चूक मी माझीच मला माफ केली असती. ही घाईने झाली, आणि मला दिसत असताना झाली.

मास्तर रागावले नव्हते, आणि तेच जड गेलं. म्हणाले, "नातीने सकाळी विचारलं, आज आपण का नाचत नाही? पेपरात तर नाचतायत." मग त्यांनी मला 'अरुणोदई'बद्दल सांगितलं. १८३६ पासून आसामच्या कोर्टकचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली चालत होती. तशा काळात, १८४६ मध्ये, शिवसागरच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी हे असमिया मासिक काढलं. १८७३ मध्ये असमिया शाळा-कोर्टांत परत आली, त्यामागे अशा छापील पानांचं बळ होतं, असं ते मानतात. "छापलेलं राहतं," ते म्हणाले. 'दर्पण'ची तारीख पाठ करत शाळेत वाढलेली मी, मला ते कुठे लागलं हे त्यांना कळलं नसावं.

मी म्हटलं, "देउता, उद्याच्या अंकात दुरुस्ती देते." ते म्हणाले, "दुरुस्ती द्या. पण संध्याकाळी गावाला या आणि बघून द्या."

पुरवणी अर्धवट टाकून फोटोग्राफरला घेऊन निघाले. सराईघाट पूल ओलांडून हाजोच्या रस्त्याला लागलो. ऑक्टोबरात इथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे दहा मिनिटांनी चुकलो असतो. अंगणात नव्याने लिंपलेल्या ओट्यावर तुळस, तिच्यापुढे साकी. भोरालाच्या दारात दुसरी. मग बांधावरून रांगेने शेतात. शाली भाताच्या लोंब्या दुधात आलेल्या. कोणी गात नव्हतं. नातीने मोहरीच्या तेलाची साकी बांधाला ठेवली, आजोबा काहीतरी पुटपुटले. वर उंच बांबूच्या टोकाला आकाशबंती टांगलेली. मला आमच्याकडचे आकाशकंदील आठवले, फक्त तिथे लख्ख दिवाळी असते आणि इथे भोवती नुसता अंधार. ज्योतीभोवती कीटक जमत होते. मास्तर म्हणाले, "पिकाला लागण्याऐवजी इथे येतात." आजूबाजूच्या शेतांतही एकेक ज्योत दिसू लागली. इतका गरीब आणि इतका सुंदर सण मी दुसरा पाहिलेला नाही.

साडेआठला ऑफिसात परत. आता सांगते की डेस्कप्रमुखांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. वृत्तपत्राचा कागद शाई पितो. प्रत्येक ठिपका कागदावर पसरतो, स्क्रीनवर दिसणारा गडद हिरवा छापल्यावर चिखल होतो. पण त्यावर उपाय आहे, फक्त त्याला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कोणी देत नाही. आमच्या पान लावणाऱ्या ऑपरेटरने दिला. त्याने मधल्या छटा उचलल्या, काळ्या भागातली इतर तीन रंगांची शाई कमी केली, ज्योतीभोवतीचा पिवळा जपला. मुलीच्या गालावरचा उजेड राहावा म्हणून तो तीनदा प्रूफ काढून दिव्याखाली नेऊन बघत होता. आमच्याकडच्या सगळ्यांत चांगल्या माणसांची नावं अंकात कधीच येत नाहीत.

पहिलं पान मिळालं नाही. तिथे मोबाईलची अर्ध्या पानाची जाहिरात आली होती. तिसऱ्या पानावर चार कॉलम मिळाले. छपाईनंतर पहिली प्रत हातात घेतली, लोंब्या वेगवेगळ्या दिसत होत्या.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १९३९ मध्ये 'द आसाम ट्रिब्यून' सुरू करणारे राधागोविंद बरुआ (ते आमचं दैनिक नव्हे) यांनीच पुढे गुवाहाटीत लतासीलच्या मैदानावर बिहू मंचावर आणण्यात पुढाकार घेतला. शहरातल्या लोकांना बिहू मिळाला तो त्या मंचामुळे आणि दैनिकांमुळे, हे मोठंच काम आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये सरुसजाई स्टेडियमवर अकरा हजारांवर कलाकारांनी विक्रम केला, तेव्हा आम्ही पानंच्या पानं दिली. पण कातीला मंच नाही, प्रेक्षक नाही, प्रायोजक नाही. जे मंचावर येतं तेवढंच आम्ही टिपतो, आणि मग तेवढाच बिहू उरतो. रोजच्या पेपरने शेताच्या बांधावर जायचं नाही तर कोणी जायचं?

नंतर तीन रात्री काम संपल्यावर बसून मी साठ्यातले बिहूचे सगळे फोटो वेगळे केले: बोहाग, माघ, काती. बोहागचे मोजता मोजता दमले. कातीचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

मास्तरांनी निघताना विचारलं होतं, दुरुस्ती कुठल्या पानावर येईल? मी म्हटलं होतं, फोटोच्या खालीच. ती चार दिवसांनी आली, सातव्या पानावर, निविदांच्या जाहिरातींखाली, दोन ओळी. मी भांडले होते, उपयोग झाला नाही. त्यांना ती दिसली का, ठाऊक नाही. माघ बिहू होऊन गेला, त्यांचा फोन आलेला नाही.