कुणीतरी अदालतवाड्यापाशी थांबलेलं असतं म्हणून

मला बरेच जण विचारतात की अगं तू रोज सकाळी गडावर जायला मोटिव्हेशन आणतेस कुठनं, आणि मी खरं उत्तर दिलं की लोकांचा जरा हिरमोडच होतो. कारण मोटिव्हेशन बिटिव्हेशन काही नाहीये. पाच वीसला अलार्म वाजतो तेव्हा मला आजही उठावंसं वाटत नाही, डिसेंबरात तर नाहीच नाही, पण पावणेसहाला गडाच्या पायथ्याशी, अदालतवाड्यापाशी दोघी-तिघी येऊन उभ्या राहणार असतात आणि त्यांना तिथं थंडीत ताटकळत ठेवून आपण पांघरुणात लोळत पडायचं हे मला जमत नाही, म्हणून जाते. निव्वळ भिडेखातर. भीड भिकेची बहीण म्हणतात ना, पण माझं तिने भलंच केलंय.

सातारकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. अजिंक्यतारा आमच्या डोक्यावरच आहे, गावातून कुठूनही मान वर केली की दूरदर्शनचा टॉवर दिसतो. समुद्रसपाटीपासून ३३०० फूट वगैरे ऐकलं की दडपण येतं, पण गावच मुळात उंचावर आहे त्यामुळे चढायचे ते जेमतेम ३०० मीटर. अदालतवाड्याच्या बाजूच्या वाटेने वर गेलं की गाडीरस्ता लागतो आणि तिथनं किलोमीटरभर चाललं की दरवाजा. वर मंगळाई देवीचं देऊळ, तळी, आणि हवा स्वच्छ असेल तर एकीकडे सज्जनगड, एकीकडे जरंडेश्वर. रोज बघूनही सज्जनगड दिसला की हात आपोआप जोडले जातात, ते वेगळं.

माझं सुरू झालं ते रिपोर्टमुळे. तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट ६.१ आली. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, आत्ताच गोळ्या नकोत, चालायला लागा, वजन थोडं उतरवा. आईला वीस वर्षं डायबेटिस आहे, तिच्या पायाची जखम महिनोन्महिने भरली नव्हती ते मी डोळ्यांनी बघितलेलं, त्यामुळे घाबरले जाम. पण भीतीचं असं असतं की ती पंधरा दिवस टिकते. मग एखाद्या लग्नात जेवण होतं, दोन कंदी पेढे जास्तीचे जातात, काही होत नाही, आणि माणूस परत निवांत.

त्याच्या आधी जिमसुद्धा करून झालेली. जानेवारीत वर्षाचे पैसे एकदम भरले की डिस्काउंट, आणि पैसे भरले की त्या दुःखाने तरी जाऊ असा हिशोब. होळीपर्यंत आमची निम्मी बॅच गळाली होती, मीही त्यातच. तिथं मशीन चांगली होती, ट्रेनरही बरा होता, पण मी आठवडाभर गेले नाही तरी कुणाला पत्ता नव्हता. फोन आला तो थेट रिन्यूअलसाठी!

गडावर उलटं आहे. एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी पहिल्या वळणापर्यंत पोचायच्या आत चार जणांना जबाब द्यावा लागतो. एक माकडटोपीवाले काका आहेत, सत्तरीच्या पुढचे, मे महिन्यातसुद्धा ती टोपी काढत नाहीत. त्यांनी माझं नाव आजतागायत विचारलेलं नाही, पण "काय वो म्याडम, काल दिसला न्हाईसा?" हे मात्र चुकत नाही. त्यांना काय सांगणार, रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघत बसले होते म्हणून? त्यापेक्षा उठून गेलेलं सोपं.

आता आमच्या ग्रुपबद्दल. तो काही फिटनेससाठी वगैरे जमलेला नाही. थंडीत पावणेसहाला मिट्ट काळोख असतो, बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, कुत्री असतात, आणि बिबट्यापेक्षा जास्त काळजी माणसांचीच असते हे बायकांना सांगायला नको. उजाडल्यावर जायचं म्हणलं तर सातला डबे, साडेसातला रिक्षा, नवाला ऑफिस. म्हणजे जायचं तर अंधारातच आणि अंधारात एकटीनं जायचं नाही, एवढ्या साध्या कारणासाठी आम्ही एकत्र आलो. पुरुष मंडळी सुटी सुटी येतात, हेडफोन लावून, मनाला येईल तेव्हा, आणि मग मनाला येईल तेव्हाच गायबही होतात. आम्हाला ती चैन नाही. म्हणूनच बहुतेक आम्ही टिकलोय.

नियम एकच आहे आणि तो ज्या वहिनींनी काढला त्यांचे पाय धरावेत असं मला वाटतं. रात्री ग्रुपवर "उद्या येताय का गं?" असं विचारायचं नाही. विचारलं की नाही म्हणायला जागा मिळते, एकीनं नाही म्हणलं की दुसरीला हुरूप येतो, आणि दहा मिनिटांत सगळं रद्द. सगळ्या येणारच हे धरलेलं, जिला यायचं नसेल तिनं साडेपाचच्या आत मेसेज टाकायचा. आता साडेपाचच्या आत मेसेज टाकायचा म्हणजे पाच पंचवीसला उठायला लागतं, चष्मा शोधायला लागतो, कारण टाईप करायला लागतं, आणि एवढं केल्यावर झोप उडालेलीच असते. मग बाई बूट घालून निघते.

ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे मेसेज फिरतात ना, त्याचं मूळ मी एकदा वाचलेलं. १९६० च्या सुमाराला एका अमेरिकन प्लॅस्टिक सर्जननं लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस तरी लागतात. नाकाची गोष्ट, ती आपल्या पायाला चिकटवली! नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर नीट अभ्यास केला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ अशी तफावत, आणि पाणी पिण्यापेक्षा व्यायामाला जास्त वेळ. मला त्यातलं आवडलं ते हे की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आमच्याकडं नेमकं उलटं चालतं, एक दिवस गेला की "तुटलंच आता, सोमवारपासून बघू", आणि तो सोमवार दिवाळीनंतर उगवतो.

किती करायचं याचंही लोकांना उगाच टेन्शन. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे दम लागेल पण बोलता येईल इतपत. आम्ही अख्ख्या चढात सासवांबद्दल बोलू शकतो, तेव्हा मध्यमच म्हणायचा! त्याशिवाय आठवड्यातनं दोनदा ताकदीचे व्यायाम सांगितलेत, ते माझे ओट्याला धरून होतात, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत उठाबशा. सुरुवातीला दुसऱ्या शिट्टीलाच मांड्या थरथरायच्या.

आणि गावातलं मॅरेथॉनचं वारं अंगात घेऊ नका एकदम. २०१२ पासून आमच्याकडं हिल हाफ मॅरेथॉन होते, पावसाळा आला की यवतेश्वरच्या घाटात पहाटे बघावं तर अर्धा सातारा पळत असतो, आणि ते बघून ज्यानं दहा वर्षांत बस पकडायलासुद्धा पळालेलं नसतं तोही बूट घेतो आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याला पट्टा बांधून बसतो. आधी चालायला शिका. चढताना फक्त दम लागतो, गुडघ्यावर भार येतो तो उतरताना, तेव्हा उतरताना पावलं छोटी टाका, जमलं तर नागमोडी. सप्टेंबरात शनिवार-रविवारी घाटाकडं फिरकूच नका, कासला जाणाऱ्या गाड्यांचा धूर खायचा असेल तर गोष्ट वेगळी.

साखर आता ५.८ आहे. वजन म्हणाल तर तीन किलो उतरलं आणि दिवाळीत एक परत आलं, चकल्या माझ्याच हातच्या होत्या, काय बोलणार. सध्या ग्रुपात भांडण चाललंय ते पाऊस सुरू झाल्यावर वेळ बदलायची की नाही यावर. मी म्हणते बदलू नका, फक्त बूट बघून घ्या, ते पांढरे गुळगुळीत तळाचे नकोत, खाली खाचा असलेले घ्या, कारण जुलैत वाटेवर शेवाळ धरतं आणि छत्रीनं तोल सावरत नाही. रेनकोट घ्यायचा तर भडक रंगाचा घ्या, धुक्यात पुढची बाई दिसली पाहिजे.