आमची वाटचाल : कौलं, पत्रे आणि एक मायक्रोमीटर

मृगाच्या आत शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं परतायचं काम, संपलीच पाहिजे, या एका नियमावर आमची फर्म उभी राहिली. वडील आणि त्यांचे भागीदार मिस्त्री यांनी गिरगावापासून परळपर्यंतच्या चाळींची कौलं परतली. पाखं (छपराची उतरती बाजू) उघडायचं, फुटकी कौलं काढायची, कुजलेल्या रिपा (कौलं ज्यावर बसतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) बदलायच्या आणि आढ्यावरचे कोने (छपराच्या माथ्यावरची कौलं) चुन्यात पुन्हा बसवायचे, एवढंच काम. पण त्यातही मिस्त्रींची एक सागाची पट्टी होती, खाचा पाडलेली. दोन रिपांमधलं अंतर ते टेपने कधी मोजत नसत, ती पट्टी लावत. मंगलोरी कौलाला साधारण साडेबारा इंच लागतात, पण प्रत्येक कारखान्याचं कौल थोडं वेगळं असतं. म्हणून आधी दहा कौलं जमिनीवर मांडून नवी खाच पाडायची आणि मगच रिपा ठोकायच्या. अर्धा इंच जास्त गेला की कौलाचा खालच्या कौलावरचा चढ कमी होतो आणि नैर्ऋत्येचा वारा पाणी आत ढकलतो. अर्धा इंच कमी पडला तर कौलाचं डोकं उचललं जातं. गळतीचा दोष नेहमी कौलाला दिला जातो, पण दहातल्या आठ वेळा चूक रिपेची असते. ती पट्टी आजही आमच्या भांडुपच्या गाळ्यात खिळ्याला टांगलेली आहे.

पत्र्यांचं काम सुरू झालं ते सोसायट्यांच्या गच्च्यांमुळे. स्लॅब गळू लागला की पूर्वी कोबा घालत. विटांच्या तुकड्यांचा साडेचार इंची कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोंहून जास्त वजन. तो गळला की त्यावरच दुसरा कोबा घालायचा, ही मुंबईतली जुनी आणि घातक सवय. चाळीस वर्षांच्या इमारतीच्या डोक्यावर हा बोजा चढवण्यापेक्षा शेड बरी. सांगाडा आणि पत्रा धरून तिचं वजन चौरस मीटरला पंधरा-वीस किलो भरतं. अर्थात महापालिकेची परवानगी हातात असल्याशिवाय पहिला पाइपही उभा करू नये. मधली बरीच वर्षं याच कामात सरळ गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते वर्सोव्याच्या कामाचं. समुद्रासमोरची सोसायटी, चार हजार चौरस फुटांची गच्ची. पत्रा आम्ही चोख दिला होता : अॅल्युमिनियम-झिंक मुलाम्याचा, चौरस मीटरला 150 ग्रॅमचा, वर रंगाचा थर. चूक स्क्रूत झाली. चौरस मीटरला सहा धरले तर बावीसशेच्या वर स्क्रू लागतात, आणि ते सगळे आम्ही साध्या झिंक प्लेटिंगचे घेतले. त्या प्लेटिंगची जाडी पाच-सात मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खाऱ्या वाऱ्यात ती दोन पावसाळ्यांत संपते, डोकं गंजतं, गंज फुगून खालच्या रबरी वॉशरला चीर पाडतो, पाणी थेट स्क्रूच्या आट्यांत उतरतं आणि आतून मान पोखरते. वरून पाहिलं तर फक्त तांबूस डाग दिसतात.

17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं आणि पश्चिमेच्या कडेचे पत्रे उचलले गेले. सांगाडा जागेवर राहिला, पत्राही फाटला नाही, स्क्रूंची डोकी तुटली. मोसमी पाऊस मुंबईत 11 जूनच्या आसपास येतो, म्हणजे हातात पंचवीस दिवस. त्यात लॉकडाऊन, निम्मे कामगार गावी. सगळे स्क्रू काढून जाड मुलाम्याचे आणि समुद्राकडच्या बाजूला स्टेनलेस स्टीलचे घातले, कडेच्या पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ते आडवे दांडे) चार फुटांवरून तीन फुटांवर आणल्या, वाकलेले पत्रे बदलले. सगळं आमच्या खर्चाने. गाळा गहाण पडला. स्क्रूत वाचवलेले पैसे त्या खर्चाच्या शंभराव्या हिश्श्याएवढेही नव्हते.

इथे एक हिशेब मांडतो, कारण तो कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. मुंबईसाठी बांधकामाच्या भारतीय मानक संहितेत वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय. त्याचा दाब येतो चौरस मीटरला साधारण 118 किलो. अर्धा मिलिमीटरचा पत्रा भरतो साडेचार-पाच किलो. म्हणजे छप्पर खाली बसेल की नाही ही काळजीच नको, वारा छपराला वर ओढतो, म्हणून ते वर जाईल की नाही हा प्रश्न आहे, आणि कडेला व कोपऱ्यात ही ओढ मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त असते. छप्पर वजनाने राहत नाही, स्क्रूने राहतं.

आणि त्याच महिन्यात आमच्या उडालेल्या पत्र्यांचे फोटो मोबाइलवर घेऊन एक दुसरा ठेकेदार आमच्याच सोसायट्यांत फिरला. नाव घेत नाही. ठरलेली तीन कामं त्याने नेली, 'पॉइंट फाइव्ह'चा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, पत्रा आमच्यापेक्षा बराच स्वस्त, असं कोटेशन देऊन. ते अजून सलतं, कारण पत्रे टेम्पोतून उतरले तेव्हा तिथल्या सेक्रेटरींनी मला बोलावलं आणि मी मायक्रोमीटर (जाडी मोजायचं उपकरण) लावला : रंगासकट 0.40 मिलिमीटर.

ही फसवणूक कशी चालते ते नीट समजून घ्या. 'पॉइंट फाइव्ह' म्हणजे कशाचं माप, हे कोणी लिहीत नाही. मुलामा आणि रंग धरून 0.50 असेल तर आतलं पोलाद 0.43 च्या आसपास असतं, कारण 150 ग्रॅमचा मुलामा दोन्ही बाजू मिळून 40 मायक्रॉन आणि रंग 30-35 मायक्रॉन खातो. ही लबाडी नाही, फक्त ते कागदावर असायला हवं. लबाडी त्यापुढे सुरू होते : 0.40 चा पत्रा, त्यावर 70 ग्रॅमचा मुलामा, म्हणजे एका बाजूला जेमतेम 9 मायक्रॉन. रंग मात्र तोच, चमक तीच. डोळ्यांना फरक दिसत नाही.

मायक्रोमीटर नसेल तर वजनकाटा पुरे. 1220 मिलिमीटर रुंदीच्या कॉइलमधून (पत्र्याच्या गुंडाळीतून) निघालेला, रंगासकट खरा 0.50 असलेला दहा फुटी पत्रा साधारण 13 किलो भरतो. 0.40 चा साडेदहा. टेम्पो दारात असतानाच पाच पत्रे काट्याला टांगा. एकदा वर चढले की कोण उतरवणार?

वर चढवतानाही बऱ्याच गोष्टी बिघडतात. बसवायची सुरुवात ईशान्येकडून करावी, म्हणजे जोडाचं तोंड पावसाच्या वाऱ्याकडे राहत नाही. पत्रा ग्राइंडरने कापू नये. ठिणगीने कडेचा मुलामा जळतो आणि लोखंडाची बारीक बुकटी रंगावर चिकटून पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके सोडते. निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) किंवा कात्री वापरावी, आणि ड्रिलची बुकटी रोज संध्याकाळी मऊ झाडूने काढावी. स्क्रूचा वॉशर कडेने किंचित फुगला की थांबायचं. ड्रिलगनला खोली मर्यादित करणारं नोजल मिळतं, ते नसलेली गन आमच्या माणसाच्या हातात मी देत नाही. आणि एसीच्या तांब्याच्या पाइपचं पाणी पत्र्यावर ठिबकू देऊ नका. तांब्यावरून आलेलं पाणी झिंक आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातं. आमच्याकडे भोकं पडल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यातली बरीच भोकं एसीच्या बरोबर खाली असतात.

पन्हळीचंही तसंच. तासाला 100 मिलिमीटर पाऊस धरला तर पन्हळीतून खाली उतरणारा चार इंची एक पाइप साधारण 85 चौरस मीटरचं पाणी नेतो. चार हजार चौरस फुटांना असे पाच लागतात, लोक दोन लावतात. आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, हे विसरून चालत नाही.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, आवाज कमी, उन्हाचा ताप कमी. पण ठिसूळ आहे, पाय ठेवायचा तर फळी टाकूनच. जुन्यांत, आणि बऱ्याच नव्यांतही, अॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ कर्करोगाला कारण होते. तो उतरवताना पाणी मारून, अख्खा उतरवावा, त्याला कटर लावू नये. अॅल्युमिनियम समुद्राजवळ सगळ्यात टिकाऊ, आणि शेवटी भंगारातही चांगला भाव देतो. फक्त लोखंडी पर्लिनवर थेट टेकवू नये, मध्ये रबर किंवा टेप हवी. साधा जीआय (फक्त जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा) घ्यायचाच असेल तर 275 ग्रॅमचा मागा. 120 ग्रॅमवाल्याच्या एका बाजूला साडेआठ मायक्रॉन जस्त असतं, तो समुद्राकाठी फक्त तात्पुरत्या कामाला.

वाईट दिवसांत जे टिकले ते गिरगावातले मास्तर. त्यांच्या चाळीचं छप्पर वडिलांपासून आमच्याकडे. मास्तरांकडे एक वही होती. दर मे महिन्यात छपरावर झालेला प्रत्येक खर्च त्यात असे : कौलं, रिपा, मजुरी, पावसात मधे एकदा चढायला लागलं तर त्याचीही मजुरी. वर्सोव्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी पुढच्या शाकारणीचा धनादेश जानेवारीतच पाठवला आणि फोनवर एवढंच म्हणाले, "तुम्ही चुकलात ते तुम्ही स्वतःच भरून दिलंत, तेवढं मला पुरतं."

चाळीच्या बैठकीत कौलं काढून पत्रा घालायचं निघालं तेव्हा त्यांनी ती वही उघडली आणि पहिल्या दिवसाची किंमत न बघता वर्षाचा भाव काढायला लावला. समजा एका छपराला एक लाख लागले आणि ते आठ वर्षं टिकलं. दुसऱ्याला दीड लाख लागले आणि ते वीस वर्षं गेलं. पहिलं वर्षाला साडेबारा हजारांना पडतं, दुसरं साडेसात हजारांना, आणि पहिल्यात जुनं उतरवायची मजुरी दर आठ वर्षांनी पुन्हा आहेच. कौलाचा हिशेब वेगळा. ब्रासला (शंभर चौरस फुटांना) साधारण 140 कौलं, वजन साडेतीनशे किलो, उतार दहा फुटांना पाच-सहा फूट हवाच, आणि दरवर्षी माणूस वर चढवावा लागतो. पण वासे शाबूत असतील तर कौल स्वतः जवळजवळ मरत नाही. आम्ही त्यांना पत्रा घालू नका असंच सांगितलं, मोठं काम हातचं गेलं तरी. सगळ्या रिपा नव्या, वाळवीचं औषध पाजून, कौलं तीच.

तुमचं घर कौलारू असेल आणि कोणी 'कौलं आम्ही फुकट उतरवून नेतो' म्हणालं, तर थांबा. तो फुकट नेत नसतो. जुन्या मंगलोरी कौलांना गिऱ्हाईक आहे.

आता आमच्या कोटेशनमध्ये पोलादाची जाडी वेगळी, मुलाम्याचे ग्रॅम वेगळे, स्क्रूचा प्रकार वेगळा आणि दहा फुटी पत्र्याचं वजन असं सगळं लिहिलेलं असतं. आकडा त्यामुळे मोठा दिसतो आणि कामं जातात, जाऊ देत.

मास्तरांची चाळ पुनर्विकासात गेली. कौलं आम्हीच उतरवली, हाताने, एकेक, गोणपाटावर. 24 ब्रासची तेहतीसशे साठ कौलं निघाली, त्यातली एकशे बारा फुटकी. उरलेली वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, एका कोळी कुटुंबाच्या नव्या घरावर चढवली. रिपा ठोकण्याआधी दहा कौलं अंगणात मांडली आणि मिस्त्रींची पट्टी लावली. जुनीच खाच जुळली.