परत आलेल्या सीलची खोली

आमची कंपनी मेकॅनिकल सील बनवते. पंपाचा फिरणारा शाफ्ट जिथून बाहेर येतो, तिथून आतलं द्रव गळू नये म्हणून बसवलेला हा भाग. दोन अत्यंत गुळगुळीत कड्या एकमेकींवर टेकलेल्या असतात, बऱ्याचदा एक कार्बनची आणि दुसरी सिलिकॉन कार्बाइडची. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर राहते आणि दोघींच्या मध्ये द्रवाचा जेमतेम पापुद्रा असतो. मी नियोजन विभागात आहे. पुढच्या काही वर्षांचं धोरण ठरवण्यासाठी भरलेल्या त्या बैठकीत दोन प्रस्ताव होते आणि दोन्ही जवळपास ठरल्यासारखेच समोर आले होते. एक, आता आपण स्वतःच पंप बनवायचे. दोन, खर्च कमी करण्यासाठी परताव्याचा विभाग, म्हणजे निकामी होऊन परत आलेली सीलं तपासणारी खोली, बंद करायचा.

मॅनेजिंग डायरेक्टर मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं, "आपली कोअर कॉम्पिटन्सी, म्हणजे आपली खरी मूळ ताकद, नक्की काय आहे?" फळा भराभर भरला. गुणवत्ता, वेळेवर पुरवठा, अनुभवी माणसं, अचूक मशीनिंग. अशा बैठकांत ही यादी कुठल्याही कंपनीची असू शकते आणि तिथेच तिचा निरुपयोग उघड होतो.

सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी 1990 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात या कल्पनेला तीन कसोट्या घालून दिल्या. त्या क्षमतेमुळे वेगवेगळ्या बाजारांची दारं उघडली पाहिजेत. ग्राहकाला वस्तूत जो फायदा दिसतो, त्यात तिचा मोठा वाटा असला पाहिजे. आणि स्पर्धकाला ती सहजी उचलता येता कामा नये. मी या तिन्ही कसोट्या फळ्याच्या बाजूला लिहिल्या आणि आम्ही एकेक नोंद त्यांवर घासून पाहू लागलो. मशीनिंग पहिल्यांदा गळालं, कारण तसलं यंत्र पैसे मोजून कोणीही आणतं. कड्यांचं लॅपिंग, म्हणजे घासून अगदी सपाट करणं, आमचं उत्तम आहे. सपाटी आम्ही ऑप्टिकल फ्लॅटखाली, म्हणजे अत्यंत सपाट काचेच्या चकतीखाली, दिसणारे प्रकाशपट्टे मोजून तपासतो आणि एक पट्टा म्हणजे साधारण 0.3 मायक्रॉन. पण चांगले स्पर्धकही हे करतातच. वेळेवर पुरवठा हवाच, तरी केवळ त्यासाठी कोणी जास्त भाव देत नाही.

विक्री विभागाकडून मी आधीच एक फाइल मागवून ठेवली होती. आमचा दर सगळ्यांत जास्त असूनही ज्या ऑर्डर आम्हाला मिळाल्या, त्यांची. ती बैठकीत मोठ्याने वाचली. शेऱ्यांच्या रकान्यात एकच गोष्ट शब्द बदलून पुन्हा पुन्हा येत होती: मागच्या वेळी सील का गेलं, ते यांनी शोधून दिलं. विक्रीप्रमुख स्वतःच गप्प झाले. हे शेरे त्यांच्याच माणसांनी लिहिलेले होते, पण एकत्र वाचले कोणीच नव्हते.

मी परताव्याच्या विभागातल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांना वर बोलवायची परवानगी मागितली. ते निकामी सीलचा एक ट्रेच घेऊन आले. पहिली कडी त्यांनी दिव्याखाली तिरकी धरली. आतून बाहेर जाणाऱ्या केसासारख्या बारीक भेगा दिसत होत्या. "ही कोरडी फिरलीय. पंपात द्रव पोचण्याआधीच मोटर चालू केली असणार." दुसऱ्या कडीवर झिजेचा पट्टा समोरच्या कडीच्या रुंदीपेक्षा जास्त रुंद होता. "यात सीलचा दोष नाही. शाफ्ट डुगडुगतोय, बेअरिंग आणि अलाइनमेंट बघायला सांगा." तिसऱ्या सीलमधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, फुगून मऊ पडली होती. "यांनी पंपातलं रसायन बदललंय आणि आपल्याला कळवलं नाही." खात्री करायला विक्रीप्रमुखांनी त्याच ग्राहकाला तिथल्या तिथे फोन लावला. रसायन खरंच बदललेलं होतं.

ही खोली आमच्या हिशेबात निव्वळ खर्च म्हणून दिसते. तिच्या नावावर एक रुपयाची विक्री नाही. पण तिन्ही कसोट्या तिला लावून पाहा. ग्राहकाला सील नको असतं, त्याला बंद न पडणारा पंप हवा असतो, आणि तो फायदा या खोलीतून जातो. ही नजर पंपापुरती नाही, मिक्सर, कॉम्प्रेसर, रासायनिक रिअॅक्टर, जिथे शाफ्ट फिरतो आणि गळती चालत नाही तिथे सगळीकडे उपयोगी पडते. आणि वर्षानुवर्षांचे निकामी तुकडे, त्यांच्या नोंदी आणि ते वाचणारे डोळे स्पर्धकाला बाजारात विकत मिळत नाहीत.

उत्पादनप्रमुख पंपाच्या बाजूने ठामपणे बोलले आणि त्यांच्या मुद्द्यात दम होता. पंपाच्या किमतीत सीलचा वाटा लहान, मग मोठा वाटा दुसऱ्यांना का सोडायचा? माझं उत्तर असं होतं की पंपाचं कास्टिंग, हायड्रॉलिक रचना, वितरकांचं जाळं यांतलं आपल्याकडे काहीच विशेष नाही. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. आज पंप बनवणारे आपले ग्राहक आहेत, उद्या ते स्पर्धक होतील. मग कोणता स्पर्धक आपलं बिघडलेलं सील आपल्या टेबलावर आणून ठेवेल? तुकडे यायचे थांबले की शिकणंही थांबलं. 1984 साली एचपीने लेझरजेट प्रिंटर आणला, तेव्हा त्याच्या आतलं इंजिन कॅननचं होतं. दुसऱ्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या यंत्राचं काळीज बनवणं हा कमीपणा नाही. कित्येकदा तीच सर्वांत भक्कम जागा असते.

एका तरुण सहकारी मुलीने इथे रास्त शंका काढली. "पण जे येतं त्यालाच धरून बसलं की कोडॅकसारखं होत नाही का?" फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकच्या प्रयोगशाळेत 1975 साली डिजिटल कॅमेरा तयार झाला होता, आणि जानेवारी 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ही भीती मला खरी वाटते. म्हणूनच फुजीफिल्मचं उदाहरण मी आवर्जून मांडलं. फिल्मचा बाजार आटत असताना त्यांनी आपल्याला कोणती रसायनं कळतात हे आधी पाहिलं. फिल्ममधलं जिलेटिन कोलॅजेनपासून येतं, आणि फोटोचे रंग फिके पडू नयेत म्हणून ऑक्सिडेशन रोखण्याचं ज्ञान त्यांच्याकडे होतं. त्या बळावर ते त्वचेच्या प्रसाधनांत उतरले. एलसीडी पडद्यांसाठी लागणाऱ्या फिल्मही त्यांनी बनवल्या. वस्तू सुटली तरी हातातली विद्या सुटली नाही. आपण सीलला चिकटून बसू नये हे मलाही मान्य आहे. फिरत्या यंत्राचा बिघाड वाचता येणं, हे मात्र सोडू नये.

जेवणानंतर चर्चा पुढे सरकली ती नेमक्या निर्णयांवर. पंपाचा प्रस्ताव बाजूला ठेवला. परताव्याचा विभाग संशोधनाखाली घेतला आणि त्याला दोन तरुण इंजिनिअर द्यायचं ठरलं. नवा बाजार म्हणून रिअॅक्टरच्या ढवळणीयंत्रांची सीलं निवडली. तिथला शाफ्ट लांब असतो, पंपापेक्षा कितीतरी जास्त डुगडुगतो आणि सील का गेलं हा प्रश्न तितकाच जास्त पडतो.

वित्तप्रमुखांनी शेवटी विचारलं, "या खोलीची कमाई मी कुठे दाखवू?" प्रश्न अगदी योग्य होता. मिळालेल्या प्रत्येक ऑर्डरच्या अर्जावर, बिघाडाच्या अहवालाचा त्यात हात होता का, असा एक रकाना घालायचं ठरलं. तंत्रज्ञ सरांनीही एक अट घातली. नव्या मुलांना नुसतं ट्रेपुढे बसवायचं नाही, आपल्याबरोबर ग्राहकाकडे नेऊन चालू पंपाशेजारी उभं करायचं. त्याचा प्रवासखर्च कुठल्या खात्यात टाकायचा, यावर विक्री आणि संशोधन यांचं अजून एकमत झालेलं नाही. पण पहिल्या ढवळणीयंत्राच्या कामाला मुलं त्यांच्याबरोबर जाणार, एवढं मॅडमनी त्याच दिवशी लिहून दिलं.