ई-तिकीट की कागदी तिकीट?

आज विमानतळाच्या दारात पुन्हा तोच प्रश्न कानावर आला: "मोबाइलवरचं तिकीट चालेल ना?" चालेल, निर्धास्त राहा. विमान कंपन्यांची जागतिक संघटना असलेल्या आयाटानं १ जून २००८ पासून कागदी तिकिटं बंद केली. खरं तिकीट एअरलाइनच्या संगणकात असतं; हातातली प्रिंट ही फक्त त्याची पावती.

घोळ होतो तो वेगळ्याच जागी. सहा अक्षर-अंकांचा पीएनआर म्हणजे बुकिंग, तिकीट नव्हे! बहुतेक मोठ्या एअरलाइन्सचा तिकीट नंबर १३ आकडी असतो, पहिले तीन आकडे कंपनीचे (एअर इंडियाचे ०९८). एजंटनं नुसता पीएनआर पाठवला तर हा नंबर मागून घ्या. तो निघालाच नसेल तर सीट फक्त धरून ठेवलेली असते आणि मुदत संपली की आपोआप सुटते. एजंटच्या पीडीएफवर विसंबू नका, एअरलाइनच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून स्वतः बघा. फ्लाइटची वेळ बदलली असेल तर पुन्हा बघा, कारण नव्या फ्लाइटला तिकीट जोडायचं कधीकधी राहून जातं.

तरी एक प्रिंट काढाच, विशेषतः आई-बाबा परदेशी निघाले असतील तर. मोबाइलची बॅटरी संपते, आणि तिकडचा इमिग्रेशन अधिकारी परतीचं तिकीट मागू शकतो.