न्यूमार्केटची शिंगरं आणि वानवडीचे प्रश्न

इंग्लंडला घोड्यांचं काम करतो म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला: "एखादी टिप दे की!" टिप माझ्याकडे नसते. मी ज्यांच्यावर बसतो ते घोडे अजून एकही शर्यत पळालेले नसतात. बऱ्याच जणांना नावही नसतं, अमक्या घोडीचं पोर एवढीच ओळख. न्यूमार्केट हे तिथलं घोड्यांचं गाव. त्याच्याजवळच्या आमच्या यार्डात, म्हणजे तबेल्यात, दीड वर्षाची कोरी शिंगरं येतात, पाठीवर माणूस घ्यायला शिकतात आणि ट्रेनरकडे रवाना होतात. कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. त्यामुळे रजा तिथल्या उन्हाळ्यात मिळते, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, नेमका पुण्याचा रेसिंग सीझन.

यंदा माझी उलटतपासणी मामाने घेतली. मामाचा जन्म गेला वानवडीजवळच्या रेसकोर्सवर मोतद्दारी करण्यात, म्हणजे घोड्यांची निगा राखण्यात. सकाळचं ट्रॅक वर्क, म्हणजे घोड्यांचा सराव, बघून एम्प्रेस गार्डनच्या बाजूने परत येताना त्याने विचारलं, "त्यांना पळायला कधी शिकवता रे?"

शिकवतच नाही. थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची जात. तिच्या रक्तात तीन शतकं दुसरं काही भरलेलंच नाही. शिकवावं लागतं ते बाकीचं सगळं: उभं राहणं, थांबणं, वाट बघणं, दुसऱ्याच्या मागे गुमान चालणं.

सुरुवात घोड्याच्या खोलीतच होते. आधी अंगभर हात फिरवायचा. कानामागे, पोटाखाली, मागच्या पायांमधून. मग तोंडात लगामाची कडी, तिला मध्ये लोंबणाऱ्या छोट्या पट्ट्या, म्हणजे जीभ त्यांच्याशी खेळत राहते आणि लोखंडाशी भांडत नाही. पुढचा टप्पा पोटाभोवतीच्या पट्ट्याचा. सगळ्यात मोठा तमाशा इथेच. माणूस पाठीवर बसल्यावर घोडा उसळतो असं लोकांना वाटतं, पण पोट पहिल्यांदा आवळलं जातं तेव्हा तो जे काही करतो ते बघावं! हजारो वर्षं पोटाला आणि पाठीला बिलगणारी गोष्ट म्हणजे वाघ-सिंहच असायची, त्याचा तरी काय दोष?

मग लांब दोरीवर गोल फिरवणं, डावीकडून जितकं तितकंच उजवीकडून. त्यानंतरचा भाग माझा आवडता. दोन लांब लगाम घेऊन आपण मागे चालायचं आणि शिंगराने पुढे. समोर कुणी नाही, ओढणारं कुणी नाही. कचऱ्याचे डबे, ट्रॅक्टर, डबकी, वाऱ्यावर फडफडणारं प्लास्टिक, सगळ्यासमोरून ते आपलं आपण जायला शिकतं. इथे घाई केली की पुढे ट्रेनरच्या यार्डात ते भोगावं लागतं. पाठीवर चढायची वेळ येते तेव्हा खोलीतच आधी पोटावर आडवं पडायचं, पोत्यासारखं. एकाने धरायचं, दुसऱ्याने वर लोंबकळायचं, हळूच दोन चकरा. घोड्याने श्वास सोडला, मान खाली केली की पाय पलीकडे. मांड ठोकून वगैरे बसायचं नाही, पिसासारखं बसायचं. बाहेर पहिल्यांदा निघताना पुढे एखादा म्हातारा, सगळं बघून झालेला घोडा. पोरं त्याच्याकडून जितकं शिकतात तितकं आमच्याकडून नाही.

शर्यतीच्या सुटण्याच्या पिंजऱ्यातून जाणंही असंच शिकवतात. आधी दोन्ही दारं उघडी, नुसतं आरपार चालायचं. मग पुढचं दार बंद, मग मागचं. तिथे शांत उभं राहता आलं पाहिजे. वेगाचं नाव अजून कुणी काढलेलं नसतं.

मामाने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आम्हीही हेच करायचो, पण जागा कुठे एवढी?" ते खरं. पुण्याचं रेसकोर्स ११८ एकरांच्या आसपास. न्यूमार्केटला सरावाचीच मैदानं अडीच हजार एकर, गावात अडीच-तीन हजार घोडे. रस्त्यांवर घोड्यांसाठी वेगळ्या वाटा आहेत आणि रस्ता ओलांडताना गाड्या थांबतात. लुल्लानगरच्या चौकात कल्पना करा! शिवाय तिथल्या वॉरन हिल टेकडीचा चढ. घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं. चढावर भार मागे सरकतो, कमी वेगात छाती भरून काम होतं आणि पुढच्या नळ्यांना, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडांना, धक्का कमी बसतो.

नळ्यांचा विषय निघाल्यावर मात्र मामा पेटला. दोन वर्षांच्या घोड्याची नळी कच्ची असते. थोडा, मापात भार दिला तर हाड त्याच भारासाठी घट्ट होत जातं. हावरटपणा केला तर दुखरं होतं आणि घोडा महिनोन्‌महिने तबेल्यात. इंग्लंडात मार्चअखेरपासूनच दोन वर्षांच्यांच्या शर्यती लागतात. वय सगळ्यांचं १ जानेवारीला मोजतात, म्हणजे मे महिन्यात जन्मलेलं पोर कागदावर दोनचं, पण प्रत्यक्षात दोन वर्षंही पुरी नाहीत! मला हे पटत नाही, आणि आमच्या यार्डात हे बोलणारा मी एकटा नाही. तिकडची मोठी शर्यत एप्सम डर्बी तीन वर्षांच्यांची, तर आपली मुंबईच्या महालक्ष्मीची इंडियन डर्बी चार वर्षांच्यांची. मामाच्या मते आपलंच बरोबर. "त्यांना शहाणपण शिकवून ये," म्हणाला.

एका बाबतीत तर मी मामाच्याच बाजूचा. तिथे एकच माणूस तीन-चार घोड्यांची खोली साफ करतो, खरारा करतो आणि सकाळी एकामागून एक त्यांच्यावर बसतोही. आपल्याकडे एक-दोन घोड्यांमागे एक मोतद्दार, आणि बसणारा रायडिंग बॉय वेगळा. घोड्याने रात्री दाणा का टाकला, कुठल्या कुशीवर झोपला, हे मोतद्दाराला विचारावं. तिथे ते कळायला नोंदवही उघडावी लागते. पगार, घर, सुट्टी यांत मात्र तुलनाच नको, आणि हेही मामाला सांगितलं. तो त्यावर काही बोलला नाही.

घोरपडीतली दोन पोरं "दादा, आम्हाला पण ने" म्हणून मागे लागलीत. त्यांना सांगितलं ते इथेही लिहितो. वजन साठ किलोच्या आसपास ठेवा, बोलण्यापुरतं इंग्रजी शिका आणि डिसेंबरात सकाळी आठपर्यंत उजाडत नाही हे लक्षात असू द्या. कागदपत्रांसाठी कुठल्याही एजंटला आगाऊ पैसे देऊ नका. आणि हात हलका हवा. जोर दाखवणाऱ्याला आमच्या यार्डात पहिल्याच आठवड्यात फावडं मिळतं.

माझं परतीचं तिकीट सप्टेंबरअखेरचं आहे. ऑक्टोबरात टॅटरसॉल्स कंपनीचा शिंगरांचा लिलाव. तिथे बोली अजून गिनीत लागते, एक गिनी म्हणजे एक पौंड पाच पेन्स. तो संपला की नवी शिंगरं ट्रकमधून उतरायला लागतील.