पदराच्या गाठीतली चावी

सातपुड्यातल्या तोरणमाळला डिसेंबरात पहाटे सहा म्हणजे अजून रात्रच असते. यशवंत तलावावर धुकं बसलेलं, गाडीच्या टपावर दव, बोलताना तोंडातून वाफ. हे, मी, आत्याबाई (माझ्या सासूबाई) आणि आमची सहा वर्षांची लेक, असे आम्ही चौघं व्हॅनमधून उतरलो ते शेकोटी पेटवून चहा टाकायला. मी सगळ्यांत शेवटी उतरले. गारठा आत शिरून पांघरुणं गार पडू नयेत म्हणून सरकता दरवाजा ओढून घेतला. ओढण्याच्या आधी आतून ‘खट्ट’ असा आवाज आला होता. तो मी ऐकला, पण कशाचा ते मनात आलं नाही.

काडीपेटी आत राहिली म्हणून दोन मिनिटांनी परत दरवाज्याला हात घातला, तर तो हलेना. पुढचे दोन्ही दरवाजे बंद, मागची डिकी बंद. हे शाल पांघरून उतरले होते. चावी आणि रिमोट यांच्या जर्किनच्या खिशात, आणि जर्किन आत खुंटीला. काचेतून ते दिसत होतं. दुसरी चावी जळगावला, घरच्या कपाटात. माझा फोन आत चार्जिंगला. यांचा फोन खिशात होता, पण रेंजची एक काडी येत नव्हती.

थंडीची मला भीती नव्हती. आत्याबाईंचं इन्सुलिन आत होतं. सकाळी सातला सुई आणि अर्ध्या तासाने न्याहारी, हा त्यांचा गेल्या अकरा वर्षांचा नेम. सुई घेतल्याशिवाय खाल्लं तर साखर चढणार, आणि नुसतं उपाशी बसवून ठेवावं तर तेही या वयात जिवावर येतं. अचानक साखर उतरली तर द्यायची ग्लुकोजची पुडी, बिस्किटं, साखर मोजायचं यंत्र, सगळं त्याच डब्यात आणि डबा गाडीत. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या शांतपणे लेकीच्या कानटोपीची गाठ बांधत होत्या.

गाडीबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची व्हॅन जुनी, सेकंडहँड घेतलेली. मागच्या सीट दुमडल्या की त्यावर प्लायची फळी बसते, तिच्यावर गादी. आरटीओच्या कागदांत बदल करायची वेळ येऊ नये म्हणून गाडी कुठेही कापलेली नाही, सगळं सामान निघतं-बसतं. घेतली तेव्हा तिला सेंट्रल लॉक नव्हतं. आत झोपायचं म्हटल्यावर सगळे दरवाजे एका बटणाने बंद व्हावेत म्हणून आम्ही एका गॅरेजमधून रिमोटचं लॉक आणि सायरन बसवून घेतला. तोपर्यंत या गाडीत चावी आत राहून दरवाजा बंद होणं जवळजवळ अशक्य होतं, कारण बाहेरून प्रत्येक दरवाजा चावीनेच लावावा लागे.

ज्यांच्या अंगणात गाडी लावायला आम्ही आदल्या संध्याकाळी परवानगी घेतली होती, त्या दादांना हाक मारली. ते बॅटरी घेऊन आले, मागोमाग त्यांची आई विस्तव घेऊन आली. काही न विचारता त्यांनी शेकोटी पेटवली आणि आत्याबाईंना बिनसाखरेचा कोरा चहा दिला. गावात चावीवाला नाही. जवळचा शहाद्याला, म्हणजे सातपायरीचा घाट उतरून पन्नासेक किलोमीटर. पहिली जीप सातनंतर जाणार होती. कोणी शहाद्याला जाऊन माणूस घेऊन आलं असतं तरी दुपार झाली असती.

हे दगड शोधायला लागले. मी हात धरला. काच फोडणं सोपं वाटतं, पण बाजूची काच टफन केलेली असते, एका क्षणात तिचे हजारो दाणे होतात, आणि आमच्या गाडीत ते थेट गादीवर आणि उशीजवळच्या औषधाच्या डब्यावर पडले असते. समोरची काच तर दोन थरांच्या मधे प्लास्टिक असलेली. ती तडकते, उघडत नाही. शिवाय काच फोडल्यावर त्या उघड्या खिडकीने घाट उतरून जळगावपर्यंत जायचं, आणि रात्री झोपायचं कुठे? तरी आम्ही ठरवून टाकलं की आठपर्यंत काही जमलं नाही तर ड्रायव्हरच्या बाजूची काच फोडायची. लेक आत असती तर मी एक मिनिट थांबले नसते, हे मात्र लिहून ठेवते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी वर जाऊ शकतं. मूल किंवा म्हातारं माणूस आत अडकलं असेल तर चावीवाल्याची वाट बघायची नाही, माणसापासून लांबची काच फोडायची आणि ११२ ला फोन लावायचा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाचा टॉवर असेल तर हा फोन लागू शकतो.

सात वाजून गेल्यावर प्रवासी न्यायला आलेली जीप थांबली. ड्रायव्हर शहाद्याकडचा, पंचविशीचा पोरगा. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “चावी मझार राही गयी का भाऊ? थांबा, काच फोडू नका.” दादांच्या दुकानात मालाच्या खोक्यांना बांधलेल्या त्या पिवळ्या, कडक प्लास्टिकच्या पट्ट्या पडल्या होत्या. त्यातली हातभर पट्टी त्याने मधोमध दुमडली. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या वरच्या कोपऱ्यात, रबराच्या बीडिंगच्या आत, फडकं गुंडाळलेली लाकडी पाचर हळूहळू ठोकली. बोटभर फट पडली. तिथून पट्टी आत सोडली. आमच्या गाडीत लॉकची खुंटी खिडकीच्या कडेला उभी असते आणि तिचं डोकं जरा जाड आहे, म्हणून हे जमणार होतं. पट्टीचा फास त्या डोक्यात अडकवायचा, आवळायचा आणि वर ओढायचं.

सांगायला सोपं. पट्टी थंडीने ताठ झालेली, फास पुनःपुन्हा निसटायचा. तो पोरगा आत बघत पट्टी फिरवायचा, हे दुसऱ्या बाजूने काचेवर बॅटरी मारायचे आणि मी “डावीकडे, अजून डावीकडे” म्हणत राहायचे. जीपमधले प्रवासी खाली उतरून उभे होते, एकानेही उशीर झाल्याची कुरकूर केली नाही. एकदा फास बसला आणि ओढताना सुटला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठ वाजायला आले होते. आत्याबाई शेकोटीजवळून म्हणाल्या, “घाई करू नका रे, मी बरी आहे.” त्यांचा आवाज बरा नव्हता, मला कळत होतं.

खुंटी वर आली आणि सायरन किंचाळला. तलावावरचे पक्षी उडाले, लेक रडायला लागली. यांनी हात घालून जर्किन ओढलं, रिमोट दाबला, तेव्हा शांतता झाली. आठ वाजून पाच मिनिटं. साखर मोजली, सुई दिली, दादांच्या आईने केलेली ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ आत्याबाईंनी अर्ध्या तासाने खाल्ली. त्या पोराने पैसे घेतले नाहीत. फार आग्रह केला तेव्हा लेकीच्या हातून चिवड्याचा पुडा घेतला आणि जीप घाटाकडे गेली.

त्याच दिवशी उतरताना शहाद्याला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे थांबलो, कारण हे झालंच कसं ते कळल्याशिवाय मला पुढची रात्र त्या गाडीत काढायची नव्हती. त्याने यांना पहाटेची सगळी हकीकत क्रमाने सांगायला लावली. आम्ही रात्री आतून रिमोटने लॉक केलं होतं. सकाळी यांनी रिमोट दाबून लॉक उघडलं, तो खिशात टाकला, जर्किन खुंटीला अडकवलं, आणि आम्ही सगळे सरकत्या दरवाज्याने उतरलो. तो म्हणाला, “बस, इथंच आहे.” रिमोटच्या या डब्याला एक सवय असते. लॉक उघडून तीसेक सेकंदांत कोणताच दरवाजा उघडला नाही, तर चुकून बटण दाबलं गेलं असं समजून तो स्वतःच पुन्हा लॉक करतो. आणि दरवाजा उघडला की नाही हे त्याला कळतं ते दरवाज्याच्या फटीत बसवलेल्या छोट्या बटणावरून, ज्याने आतला दिवा लागतो. आमच्या गाडीत ती बटणं फक्त पुढच्या दोन दरवाज्यांना होती. सरकत्या दरवाज्याला बटणच नाही. म्हणजे आम्ही चौघं त्याच्यासमोरून उतरलो आणि त्याच्या लेखी दरवाजा उघडलाच नव्हता. ‘खट्ट’ झालं तेव्हा दरवाजा उघडाच असताना त्याचं लॉक पडलं. मी तो ओढला आणि लागला.

मला याचा राग आला, अजून येतो. हे लॉक बसवून देणाऱ्याला आम्ही गाडीत झोपतो हे माहीत होतं. पण आम्हीही पैसे देताना एवढंच पाहिलं की बटण दाबलं की चारी दरवाजे लागतात. कोणीही असं लॉक बसवून घेत असाल तर गॅरेजमध्येच, काच खाली ठेवून, चावी हातात धरून एक एक दरवाज्याने उतरून बघा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. आमचं त्या इलेक्ट्रिशियनने दोन कामांत मिटवलं. आपोआप लॉक होण्याची सोय त्या डब्यातून बंद केली, आणि सरकत्या दरवाज्याला व डिकीला बटणं बसवून दिली.

जळगावला परतल्यावर चावीवाल्याकडे गेलो. मूळ चावीच्या डोक्यात चिप असते, ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. तशी दुसरी करायची तर मशीन लावून प्रोग्रॅम करावी लागते, गाडीचं आरसी आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, खर्चही बऱ्यापैकी. पण त्याच दातांची बिनचिपची साधी चावी तो दहा मिनिटांत कापून देतो. ती दरवाजा उघडते, गाडी सुरू करत नाही. मला हवी होती ती हीच. ती कोणाच्या हाती लागली तरी गाडी जागची हलत नाही. आम्ही अशा तीन करून घेतल्या आणि तिथल्या तिथे प्रत्येक चावी प्रत्येक कुलपात फिरवून पाहिली. एक डिकीला अडकत होती, ती पुन्हा घासून घेतली.

मग त्या ठेवायच्या कुठे यावर आमच्या घरात आठवडाभर बोलणं चाललं. यांचं म्हणणं, लोहचुंबकाची डबी चाकाच्या वर चिकटवू. मी नको म्हटलं. आपल्या रस्त्यांवर, त्यातून घाटात, ती कधी पडली ते कळणारही नाही. मग यांनी स्टेपनीच्या मागे चेसिसला बोल्टने चावी आवळली. छान बसली. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तो बोल्ट खोलायचा पाना गाडीतच असतो. आता ती चावी रबरी नळीच्या तुकड्यात घालून, दोन्ही तोंडं बंद करून, जाड तारेने बांधलेली आहे. तार हाताने उलगडते.

दुसरी चावी माझ्या गळ्यात, मंगळसूत्राबरोबर दोऱ्यात. तिसरी कोणाकडे यावर आत्याबाई म्हणाल्या, “माझ्याकडे द्या.” त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. लग्न होऊन आल्या तेव्हापासून धान्याच्या कोठीची किल्ली त्यांनी अशीच वागवली, शेतात निंदायला जातानाही आणि तापीवर धुणं घेऊन जातानाही. “जर्किन काढून ठेवता येतं. पदर कुठे काढून ठेवते बाई?” एवढंच म्हणाल्या. चाव्यांबद्दल इतका विचार करूनही हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

औषधाचा डबाही आता गाडीत एकटा राहत नाही. सुई, ग्लुकोजची पुडी आणि एका कागदावर लिहिलेले चार फोन नंबर छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी गाडीतून पाय बाहेर टाकणाऱ्या पहिल्या माणसाच्या खांद्यावर. नंबर कागदावर, कारण माझा फोन आत राहिला होता तेव्हा मला भावाचा नंबरसुद्धा पाठ नव्हता. रिमोटचा सेल, आमच्यात सीआर २०३२ आहे, दर दिवाळीला बदलायचा असं ठरवलंय.

फेब्रुवारीत चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलो तेव्हा रात्री मुद्दाम सगळं बंद करून पाहिलं. काच दोन बोटं उघडी ठेवली, बाहेरून रिमोटने लॉक केलं आणि रिमोट फटीतून आत टाकला. मी गळ्यातली चावी लावली, दरवाजा उघडला आणि सायरन पुन्हा किंचाळला, कारण साधी चावी त्याला ओळखीची नाही. आत जाऊन रिमोट दाबेपर्यंत तो थांबत नाही, हे आता आम्हाला माहीत आहे. शेजारी तंबूत झोपलेल्यांची संध्याकाळीच जाऊन परवानगी घेतली होती, म्हणून बरं. मग यांनी स्टेपनीमागची तार अंधारात, बॅटरीशिवाय उलगडून पाहिली. सहा मिनिटं लागली आणि अंगठा कापला. तारेची टोकं आता वळवून त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा आहे. तोरणमाळला परत जाणार आहोत, त्याच्या आत.